बोलकी कवळी

एकतीस वर्षं मी कराडच्या एसटी स्टँडवर गाड्या पुकारल्या. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, शिराळ्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक सहावर लागलेली आहे." सातारा, सांगली, शिराळा, इस्लामपूर, चिपळूण. स आणि श यांत मी एकदाही गल्लत केली नाही. स्टँडबाहेरचे रसवाले म्हणायचे, डुबलबाई बोलल्या की घड्याळ बघायची गरज नाही. मी निवृत्त झाले आणि माझ्या खुर्चीवर यंत्र आलं, त्याचंही मला काही वाटलं नाही. एवढं सगळं सांगते ते अशासाठी, की पुढे याच तोंडावरून मला वेडी ठरवलं.

दात माझे मिसरीने गेले. आईने लावली, सासूने लावली, मीही लावली. त्यात साखरेचा आजार. हिरड्या सुजायच्या, दात हलायचे, मी लवंग धरून बसायची. चौऱ्याहत्तराव्या वर्षी उरलेले सहा दात डॉक्टरांनी काढून टाकले आणि माझा मुलगा धैर्यशील पुण्याहून ती नवी कवळी घेऊन आला. तेव्हा सगळीकडे तिचंच नाव होतं. बोलकी कवळी.

बसवायला आलेल्या मुलीने मला छान समजावून सांगितलं होतं. कवळीच्या गुलाबी भागात केसासारख्या बारीक तारा ओतलेल्या असतात. आपण चावलं की त्या दाबल्या जातात आणि त्या दाबातूनच त्यांना वीज मिळते. त्यामुळे चार्जिंग नको, सेल नको. किती वेळा चावलं, किती जोर लावला, पदार्थ कडक होता की मऊ, लाळेत साखर किती, हे सगळं ती मोजते आणि म्हाताऱ्या माणसांसाठीच्या सरकारी निगा योजनेच्या केंद्राला कळवते. मुलाच्या फोनवरही दिसतं.

"पण कशासाठी?" मी विचारलं होतं.

"आजी, चावणं म्हणजे नुसतं खाणं नसतं," ती म्हणाली. "जबडा हलला की मेंदूकडे रक्त जास्त जातं. ज्यांचं चावणं कमी होतं ते मऊ-मऊ खातात, अंगातली ताकद जाते, बोलणं कमी होतं, माणसांत जाणं सुटतं. अशा लोकांमध्ये विसराळूपणाचं प्रमाण जास्त असतं, हे हजारो लोकांवर तपासून झालंय. म्हणून चावण्यावर लक्ष ठेवलं की बुद्धीला उतरण कधी लागणार ते दोन-दोन वर्षं आधी कळतं."

मला पटलं. आजही पटतं. त्यात खोटं काही नाही. पुढे त्या खऱ्या गोष्टीचं लोकांनी काय केलं, तिथे माझं डोकं फिरतं.

पहिलं वर्ष सुखाचं गेलं. ज्वारीची भाकरी खाल्ली, शेंगदाण्याची चटणी खाल्ली, पेरू फोडी करून खाल्ला. पेरू खाल्ला की पाच मिनिटांत धैर्यशीलचा फोन. "आई, आज पेरू का?" आम्ही हसायचो. माझा निगा-अंक, म्हणजे कवळीच्या नोंदींवरून केंद्राने दिलेले शंभरातले गुण, ब्याण्णव होता, रंग हिरवा. सून केतकी आपल्या मैत्रिणींना तो कौतुकाने दाखवायची.

दुसऱ्या वर्षी कवळी हलायला लागली. दात गेले की जबड्याचं हाड झिजतं, बसत जातं, हे मला नंतर कळलं. पाया खचला की वरचं घर डुगडुगणारच. उजवीकडे खाली कवळीची कड रुतायला लागली. आधी लाल झालं, मग जखम झाली. भाकरीचा तुकडा चावला की कानापर्यंत कळ जायची. मी रिक्षाने निगा केंद्रात गेले. तिथल्या बाईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पडद्याकडे बघत म्हणाली, "बसण्यात दोष दाखवत नाही, आजी."

"अगं, पडदा राहू दे. मला दुखतंय. इथे, उजव्या बाजूला. जरा कड घासून द्या."

"ही घासता येत नाही. आत तारा आहेत. घासली की नोंद बंद पडते आणि तुमचं नाव योजनेतून जातं."

"मग दुखतंय त्याचं काय?"

"मी लिहून ठेवते," ती म्हणाली. तिने काय लिहिलं ते मी नंतर वाचलं. लिहिलं होतं: *वृद्धा चिडचिड करतात.*

घरी येऊन मी जेवताना कवळी काढून ठेवायला लागले. वरण-भात कालवून, चहात पाव बुडवून. शेजारच्या लग्नाला गेले नाही. चारचौघांत बसून पंगतीत काय भात चोखायचा? भिशीला जाणं सोडलं. फोनवर बोलणंही टाळायला लागले, कारण कवळीशिवाय माझा स गेला, श गेला. पोटच्या पोराला 'धैर्यफील' म्हणायची वेळ आली. ज्या बाईने एकतीस वर्षं शिराळा पुकारलं, तिने आता 'फिराळा' म्हणायचं? त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. आठ महिन्यांत मी नऊ किलो उतरले.

इकडे अंक उतरत होता. ब्याण्णवचा सत्तर, सत्तरचा पंचावन्न. रंग पिवळा झाला. मग एका सकाळी निगा केंद्राच्या यंत्राचा फोन आला. गोड आवाजात म्हणालं, "मी म्हणेन ते वाक्य तुम्ही म्हणा. शशीने सहा शेवग्याच्या शेंगा सोलल्या."

मी कवळी घालायला गेले तर जखमेवर टेकताच डोळ्यांतून पाणी आलं. तशीच म्हणाले. जे तोंडातून निघालं ते मी इथे लिहिणार नाही. यंत्र म्हणालं, "धन्यवाद." दुपारपर्यंत मी लाल झाले होते.

नव्या कायद्यात होतं, की तीन महिने लाल राहिलेल्या एकट्या वृद्धाला मुलांच्या संमतीने निगा निवासात हलवता येतं. तीन महिने झाले आणि रविवारी सकाळी धैर्यशील आणि केतकी दारात उभे. केतकीच्या हातात माझ्यासाठी नवी बॅग. ती बघूनच मी ओळखलं.

"आई, तात्पुरतं आहे," धैर्यशील म्हणाला. "अंक वर आला की परत."

"धैर्या, मी विसरते का काही? विचार मला. तुझा दहावीचा बैठक क्रमांक सांगू? कराड-चिपळूण सकाळची पहिली गाडी किती वाजता सुटायची, सांगू?"

"आई, तसं नसतं. ते आधी कळत नाही. म्हणून तर मशीन आहे."

"माझ्या तोंडात जखम आहे. बघ." मी त्याच्यासमोर तोंड उघडलं.

त्याने नजर फिरवली. माझ्या पोराने, ज्याचे दुधाचे दात पडल्यावर आलेलं रक्त मी पदराने पुसलं, त्याने नजर फिरवली. "मी डॉक्टर नाहीये, आई," असं म्हणून तो फोन बघायला लागला. फोनमध्ये माझी रेघ होती, खाली जाणारी.

केतकी हळूच म्हणाली, "आई, तुम्हाला काही झालं तर आम्ही स्वतःला माफ करू शकणार नाही."

"आणि हे जे आत्ता करताय, त्याचं काय करणार?" मी विचारलं. केतकीने बॅग पुढे केली. संमतीची सही आदल्या दिवशीच झाली होती.

निगा निवास विटा रस्त्याला. स्वच्छ फरशी, फुलझाडं, खिडक्यांना जाळ्या. दारातच माझी कवळी काढून घेतली. लाल माणसाला घास अडकू शकतो, म्हणून कवळी नाही आणि घट्ट अन्नही नाही. तीन वेळा वाडग्यातून पातळ लापशी. वाडगा वजनाच्या ट्रेवर ठेवायचा, म्हणजे किती पोटात गेलं त्याची नोंद.

मी सारिकाला, तिथल्या सेविकेला, विचारलं, "मग माझा अंक वर यायचा कसा? चावलं तर अंक वाढतो, आणि चावायला तर तुम्ही देत नाही."

त्या बिचारीने आधी दाराकडे बघून घेतलं. मग म्हणाली, "आजी, माझ्या माहितीत इथून घरी कुणीच गेलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या खोलीत कोपऱ्यात एक माणूस दिसला. हाडांचा सापळा. मान खाली. मी पुढे गेले आणि चेहरा ओळखला. यासीनभाई मुलाणी. चिपळूण गाडीचे ड्रायव्हर. चोवीस वर्षं कुंभार्ली घाटातून गाडी उतरवली, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. स्टँडवर आले की माझ्या खिडकीशी येऊन मोठ्याने विचारायचे, "कुंदाताई, आमची गाडी जरा प्रेमाने पुकारा!"

"यासीनभाई, मी कुंदा."

त्यांनी मान वर केली. ओळखलं. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. जीभ हलवताच चेहरा वेदनेने पिळवटला.

"त्यांची भाषा गेलीये," सारिका म्हणाली. "अकरा महिने झाले. कागद दिला तर गावांची नावं लिहीत बसतात. व्यवस्थापक साहेब म्हणतात, हे आजाराचंच लक्षण आहे."

मी तो कागद मागून घेतला. जुन्या वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलेलं होतं: कराड, मल्हारपेठ, पाटण, हेळवाक, कुंभार्ली घाट, पोफळी, चिपळूण. एकही थांबा मागेपुढे नाही. घाटाच्या पुढे लिहिलं होतं, *दुसरा गिअर*. तो माणूस अकरा महिने त्यांना दाखवत होता की माझं डोकं शाबूत आहे, आणि ते लक्षण म्हणून फाइलला लावत होते!

मी साबणाने हात धुतले. सारिकाचा फोन घेतला, बॅटरी लावली. "यासीनभाई, तोंड उघडा."

जिभेच्या डाव्या कडेला एक व्रण होता. रुपयाएवढा, कडा वर आलेल्या, हाताला दगडासारख्या. घाण वास येत होता. मी काही डॉक्टर नाही. पण तंबाखूच्या गावात वाढलेल्या बाईला तो व्रण कसला ते सांगावं लागत नाही.

"यांना डॉक्टरला दाखवलं?" मी ओरडले.

"दर महिन्याला तपासणी होते," सारिका म्हणाली. "कॅमेऱ्यावरून."

त्या दुपारी मी एकेका पलंगाकडे गेले. एकतीस माणसं. सारिकाने बॅटरी धरली, मी बघत गेले. कुणाच्या हिरडीत पू, कुणाच्या तुटक्या दाताने गाल फाडलेला, कुणाची जीभ औषधांनी सुकून चामड्यासारखी झालेली. एका आजोबांनी तोंड उघडलं ते मिटेनातच. म्हणाले, किती दिवसांनी कुणी बघितलं. सारिका रडायला लागली. मला रडू आलं नाही. माझ्या कानशिलात घण पडत होते.

मी व्यवस्थापक देवकुळ्यांच्या खोलीत गेले. तरणाबांड माणूस, बोलायला मऊ.

"आजी, बसा ना."

"दाताच्या डॉक्टरला बोलवा. आज."

"नोंदीत तशी गरज दिसत नाही. आणि तुम्ही इतरांच्या तोंडात हात घालताय म्हणे. असं वागणं आम्हाला लिहावं लागतं."

"लिहा. माझं नाव नीट लिहा. कुंदा डुबल. आजी नाही."

बाहेर आले आणि संध्याकाळच्या जेवणाला मी वाडग्यापुढे ओठ मिटून बसले. शेजारच्या पार्वतीबाईंनी खुणेने विचारलं, काय? मी बोबड्या तोंडाने, पण स्टँडवरच्या आवाजात म्हणाले, "आपल्या तोंडात कुणी बघत नाही ना? मग आपणही तोंड उघडायचं नाही. डॉक्टर येऊन बघेपर्यंत घोटभर पाणी आणि औषध, बाकी काही नाही." कुणी हसलं नाही माझ्या उच्चारांना. सगळ्यांचेच तसे होते. यासीनभाईंनी आपला वाडगा उलटा घातला. मग दुसरा, तिसरा. एकतिसातल्या सव्वीस जणांनी वाडगे पालथे केले.

सकाळची न्याहारीही तशीच गेली. मला साखरेचा आजार, हात थरथरायला लागले, घाम फुटला. सारिका कानाशी येऊन विनवत होती, "आजी, चमचाभर साखर तरी." मी खडीसाखरेचा एक खडा गालात धरला, हट्ट करायचा होता, मरायचं नव्हतं. आणि पलीकडे यंत्राने आपलं काम केलं. लागोपाठ दोन जेवणं ट्रेचं वजन कमी झालं नाही, की घरच्यांना इशारा जातो. सव्वीस घरांत एकाच वेळी फोन वाजले.

दहा वाजेपर्यंत फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागली. वर्ष वर्ष न फिरकलेली पोरं धावत आली. धैर्यशील घामाघूम. "आई, हे काय चालवलंयस? तुझा अंक शून्य दाखवतोय!"

"मग? मी तुझ्यासमोर उभी आहे की नाही?"

सगळ्यांमध्ये एकटी यासीनभाईंची मुलगी रेश्मा शहाणी निघाली. मी आदल्या दिवशीच सारिकाच्या फोनवरून तिला व्रणाचा फोटो पाठवला होता. ती कराडच्या डॉक्टर मृदुला शेटेंना गाडीत घालूनच घेऊन आली. साठीच्या बाई, कपाळाला दिवा बांधलेला. देवकुळे आडवे आले. "मॅडम, आमच्याकडे सेकंदासेकंदाची नोंद आहे."

"असेल," शेटेबाई म्हणाल्या. "तोंडात बोट घातलंय का कुणी?"

त्यांनी यासीनभाईंना आधी घेतलं. अर्ध्या मिनिटात बाईंचा चेहरा उतरला. रेश्माला बाजूला घेऊन त्या काहीतरी बोलल्या आणि रेश्मा भिंतीला टेकून खाली बसली. अकरा महिन्यांपूर्वी कुणी बघितलं असतं तर जिभेचा छोटा तुकडा काढून भागलं असतं.

मग बाई माझ्याकडे आल्या. जखम बघितली, हाडाचं टोक उघडं पडलं होतं ते साफ केलं. "कवळी आणा यांची." देवकुळे म्हणाले, घासली तर योजनेतून नाव जाईल. मी म्हणाले, "जाऊ दे खड्ड्यात." शेटेबाईंनी बॅगेतून छोटं घासायचं यंत्र काढलं. गुलाबी भुगा पडला, तुटलेल्या तारा चमकल्या. कड गुळगुळीत झाली, खाली मऊ अस्तर लागलं. जखम भरेपर्यंत आठवडाभर घालू नका म्हणाल्या. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. दहा मिनिटं. माझं घर, माझी माणसं, माझी अक्कल, सगळं गेलं होतं ते या दहा मिनिटांच्या न झालेल्या कामापायी.

धैर्यशील बाजूला उभा राहून ते बघत होता. "आई, मला वाटलं..." एवढंच म्हणून थांबला. मी त्याला वाक्य पुरं करून दिलं नाही.

यासीनभाईंची शस्त्रक्रिया झाली, पण गाठी मानेत उतरल्या होत्या. सात आठवड्यांनी ते गेले. शेवटच्या भेटीत त्यांनी माझ्या तळहातावर बोटाने काहीतरी लिहिलं. मला नीट लागलं नाही. मी लागल्यासारखी मान हलवली, आणि त्या खोटेपणाचा मला अजून राग येतो.

पुढे चौकशी बसली. मी गेले. जखम भरलेली, कवळी घट्ट, स आणि श जागच्या जागी. सव्वीस जणांची नावं मी एकेक करून, स्टँडवर गाड्या पुकाराव्यात तशी, खणखणीत वाचून दाखवली. सव्विसावं नाव वाचून कागद मिटला. चौकशी अधिकारी म्हणाले, "यंत्राने चूक केली नाही, बाई. चावणं खरंच कमी झालं होतं."

"झालंच होतं," मी म्हणाले. "का झालं, हे विचारायला यंत्र नको होतं. माणूस हवा होता. तुमच्याकडे इतकी माणसं आहेत, ती काय करत होती?"

चार महिन्यांनी नियमात एक ओळ वाढली. कुणालाही लाल ठरवण्याआधी दंतवैद्याने प्रत्यक्ष तोंड तपासून सही करावी. एवढीच. कवळीच्या कंपनीने मला पत्र पाठवलं, की नव्या मॉडेलला दुखण्याचंही मापक बसवलंय, आणि त्याच्या जाहिरातीला माझा आवाज मिळेल का. ते पत्र मी फाडलं, मग आणखी बारीक फाडलं. देवकुळ्यांची बदली झाली. कुठेतरी दुसऱ्या निवासात. सारिकाला मात्र काढलं. ती आता शेटेबाईंच्या दवाखान्यात असते.

कवळी घासल्यावर माझं नाव योजनेतून गेलं, त्याबरोबर लाल शिक्काही गेला, आणि मी माझ्या घरी आले. सामान लावून झाल्यावर धैर्यशीलने दारातच विचारलं, "आई, नवी कवळी नको म्हणतेस. मग तू बरी आहेस की नाही, हे मला कळणार कसं?"

"फोन कर. नाही उचलला तर ये."

तो पुण्याला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता फोन वाजला. धैर्यशील. मी ताटात भाकरी घेऊन बसले होते. फोन वाजून वाजून बंद पडला. पुन्हा वाजला. पाच वेळा वाजला. मी भाकरी सावकाश चावून खाल्ली, हात धुतला, भांडी घासली.

साडेबाराला दार धडधडलं. बाहेर तो उभा, धापा टाकत, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. मला उभी बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग राग.

"फोन का उचलला नाहीस?"

"येतोस का ते बघत होते," मी म्हणाले.

आणि दारातून बाजूला झाले. 'बस' असं म्हणाले नाही. अजून तेवढा राग गेलेला नाही.